गावाचा इतिहास गावच्याच दप्तरात



आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर देऊ शकणारी माणसे फार थोडी आढळतील. श्राद्धपक्षाच्या निमित्ताने घरोघरी तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. त्यापलीकडे स्मृतीचा दिवा पोहोचत नाही. गावाचेही तसेच. गावाला वेस आहे, वेशीवर मारुती आहे, पडका वाडा आहे, पटांगणात वीरगळ आहेत. परंतु वस्ती केव्हा झाली, पहिली विहीर कोणी खोदली, दुष्काळात किती घरे उठून गेली, हे सांगणारा वृद्ध गेला की त्याच्याबरोबर गावाचा एक ग्रंथच निघून जातो.

असे असले तरी सर्वच काही नष्ट झालेले असते असे नाही. ज्या गावाने कधी सरकारी सारा भरला, ज्या गावात कधी शाळा निघाली, जेथील शेतीचा कधी मोजणीदाराने नकाशा काढला, त्या गावाविषयी कोठे ना कोठे कागद हा असतोच. तो तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असेल, शाळेच्या कपाटात असेल, किंवा पुण्या-मुंबईच्या पुराभिलेखागारात रुमालात बांधलेला असेल. हा कागद कसा शोधावा, कसा वाचावा आणि कसा जपावा, हा आजचा विषय आहे. हा विषय केवळ विद्वानांचा नाही. तो तलाठ्याचा आहे, शिक्षकाचा आहे, ग्रामपंचायतीच्या सदस्याचा आहे आणि दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या सामान्य नागरिकाचाही आहे.

दप्तर जमले कसे?

महाराष्ट्रात लेखी कारभाराची परंपरा जुनी आहे. गावचा कुलकर्णी, परगण्याचा देशपांडे आणि हुजूर दप्तरातील फडणीस व चिटणीस हे सारे लेखणीवर चालणाऱ्या राज्यव्यवस्थेचे घटक होते. जमाखर्च, वतनांचे निवाडे, गावांची पाहणी, सैन्याचा शिरस्ता, देवस्थानांची नेमणूक या सर्वांच्या नोंदी मोडी लिपीत लिहिल्या जात आणि कापडात बांधून ठेवल्या जात. या बांधणीलाच रुमाल म्हणतात.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा कारभार माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्याकडे आला. महसूल कोणाकडून किती घ्यावयाचा आणि इनामे कोणाची खरी, हे ठरवण्यासाठी नव्या राज्यकर्त्यांना जुन्या कागदांवाचून गत्यंतर नव्हते. पेशव्यांचे दप्तर जपले गेले ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हे, तर या निकडीपोटी. पुढे एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना १८२१ मध्ये मुंबईत अभिलेख कार्यालय स्थापन झाले. आजच्या पुराभिलेख विभागाचा तो आरंभ होय.

१८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले. करमाफ जमिनींचे हक्क तपासण्यासाठी इनामदारांकडून, देशमुख-देशपांड्यांकडून सनदा व जुनी दप्तरे मागवण्यात आली. या चौकशीने अनेकांची इनामे गेली आणि लोकांत असंतोष पसरला. परंतु त्याच चौकशीमुळे गावोगावची असंख्य कागदपत्रे पुण्यात एकत्र आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात या दप्तरासाठी खास इमारत उभी राहिली. जुन्या पिढीतील लोक तिला एलिएनेशन ऑफिस या नावाने ओळखत. सर्वसामान्यांना ते पेशवे दप्तर म्हणून माहीत आहे.

हे दप्तर दीर्घकाळ अभ्यासकांना सहजासहजी खुले नव्हते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून काढलेले उतारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. त्यानंतर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. हे काम मोठे खरे. तथापि रुमालांच्या त्या अफाट राशीतून निवडलेला तो एक अंश आहे. ज्यात राजकारण नाही, केवळ एखाद्या मौजे गावच्या पाटीलकीचा तंटा आहे, असे हजारो कागद अद्याप आपल्या वाचकाची वाट पाहत आहेत.

आरंभ घरापासून

घराण्याचा शोध घेणाऱ्याने प्रथम पुण्या-मुंबईची वाट धरू नये. शोधाचा नियम असा की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे आणि एका वेळी एकच पिढी मागे जावे.

घरातील वयोवृद्धांना विचारून नावे, सोयरिकी, मूळ गाव, कुलदैवत व देवक यांचे टिपण करावे. ट्रंकेच्या तळाशी असलेली खरेदीखते, सारा भरल्याच्या पावत्या, जुने शिधापत्रक, शाळा सोडल्याचा दाखला हे सर्व एकत्र करावे. नाशिक, त्र्यंबकेश्वर व इतर क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतून यात्रेस आलेल्या यजमानांची वंशवार नावे मिळतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी मंडळी दारी येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात. ही साधने सरकारी नव्हेत. परंतु सरकारी दप्तरात कोणते नाव शोधावयाचे, हे त्यांच्यावरून कळते.

यानंतर सातबाराचा उतारा घ्यावा. कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जे क्रमांक लिहिलेले असतात, ते फेरफारांचे होत. अनेकजण त्यांकडे लक्षही देत नाहीत. वस्तुतः तीच मागील पिढीच्या घराची किल्ली आहे. त्या क्रमांकाचा फेरफार काढला की, अमुक खातेदार अमुक तारखेस मयत झाला, त्यास वारस अमुक, अशी नोंद सापडते. तेथून जुना उतारा, त्यावरील जुना फेरफार, असे एकेक पायरी मागे जाता येते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील बऱ्याच गावांत ही साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत पोहोचते.

येथे एक अडचण हमखास येते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर माहीत नसल्यास धागा तुटतो. अशा वेळी एकत्रीकरणाच्या योजनेचे पत्रक, ज्यास कचेरीत नऊ-तीन व नऊ-चारचा उतारा म्हणतात, ते भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावे. कोणत्या गटात कोणते जुने नंबर गेले, हे त्यावरून समजते.

हक्कनोंदणीच्याही मागे जावयाचे असल्यास मूळ मोजणीचे कागद पाहावेत. विंगेट व गोल्डस्मिड यांच्या पद्धतीची जमाबंदी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात सुरू झाली आणि पुढे इलाखाभर पसरली. त्या पद्धतीचे आकारबंद, शेतवार पत्रके, टिपणे, फाळणी यांतून गावच्या प्रत्येक शेताचा कस, आकार व खातेदार कळतो. आपल्या बांधावर उभे राहून शतकापूर्वीच्या मोजणीदाराचे टिपण वाचताना इतिहास हा पुस्तकातला विषय राहत नाही.

शाळा, चावडी आणि नोंदणी कार्यालय

ज्यांना जमीन नव्हती त्यांचे काय, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. महसुली दप्तर हे जमीनवाल्यांचे दप्तर आहे. शेतमजूर, कारागीर, भटके यांची नावे सातबाऱ्यावर मिळत नाहीत. त्यांच्यासाठी इतर नोंदी अधिक मोलाच्या ठरतात.

यांत पहिला मान प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा. मुलाचे नाव, पालकाचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, प्रवेशाचा व शाळा सोडल्याचा दिनांक एका ओळीत लिहिलेले असतात. त्या ओळीचे मोल किती आहे, हे जातपडताळणीसाठी वणवण करणाऱ्या विद्यार्थ्यास विचारावे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आजोबा दुसरी इयत्तेतून शाळा सोडून गेले असतील. परंतु गुरुजींनी त्यांचे नाव शाईने लिहून ठेवले, म्हणून नातवास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो. त्याच रजिस्टराचे पान वाळवीने खाल्ले असेल, तर तोच नातू पात्र असूनही दाराबाहेर उभा राहतो. दप्तर जपणे हे न्यायाचे काम आहे, ते अशा अर्थाने.

दुसरी नोंद जन्म-मृत्यूची. जुन्या गाव नमुना १४ मध्ये, आणि कित्येक ठिकाणी कोतवाल बुक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वहीत, मुलाचे नाव पुष्कळदा नसते. फक्त बापाचे नाव, जात व मुलगा अथवा मुलगी एवढेच लिहिलेले असते. म्हणून केवळ नावावर विसंबून न राहता तारीख, भावंडांचा क्रम व मोहल्ला यांचा मेळ घालावा लागतो. याच वह्यांतून गावावरील आपत्तीही दिसतात. १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेली व पुढे गावोगाव पसरलेली प्लेगची साथ, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएंझा यांची गणना ग्रंथात लाखांनी असते. मृत्यूच्या नोंदवहीत मात्र एकाच घरातील तीन नावे एकाखाली एक आलेली दिसतात.

तिसरे स्थान दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाचे. खरेदीखते, गहाणखते, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, मृत्युपत्रे यांतून नातेसंबंध उलगडतात. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ व त्याच्या सूची कोणासही विहित शुल्क भरून पाहता येतात. मृत्युपत्रांच्या पुस्तकाबाबत मात्र निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत.

याखेरीज पोलीस, तुरुंग व अबकारी खात्यांच्या जुन्या नोंदवह्याही उपयोगी पडतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांच्या कपाळी अन्यायाचा शिक्का मारला, त्या समाजांच्या आजच्या पिढीला आपल्या पूर्वजांची नावे अनेकदा त्याच कायद्याखालच्या नोंदींत शोधावी लागतात. १९५२ मध्ये हा शिक्का पुसला गेला. ज्या कागदाने आजोबांवर पहारा ठेवला, तोच कागद नातवाच्या हक्काचा पुरावा व्हावा, हा काळाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या निमित्ताने अनेक कचेऱ्यांतील वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे उघडली गेली. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची उणीव तेव्हा तीव्रतेने जाणवली. वादाचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट सर्वांना पटली: जुने दप्तर म्हणजे रद्दी नव्हे.

पुराभिलेखागारात

घर, चावडी व कचेरी येथील शोध आटोपल्यावर पुराभिलेखागाराकडे वळावे. मुंबई व पुणे यांखेरीज कोल्हापूर, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथेही शासनाची अभिलेखागारे आहेत. मुंबईत इलाख्याच्या सचिवालयाचे कागद आहेत. महसूल, न्याय, सार्वजनिक बांधकाम, शिक्षण इत्यादी विभागांच्या संचिका आणि स्वातंत्र्यचळवळीवर नजर ठेवणाऱ्या गृह विभागाच्या विशेष शाखेची दप्तरेही तेथे पाहावयास मिळतात. आपल्या गावात १९३० किंवा १९४२ मध्ये काय घडले, हे सरकारच्या दृष्टीने कसे दिसले, ते त्यांतून कळते.

अभ्यासकाने आपला परिचय व शोधाचा विषय लिहून अर्ज करावा, सूची पाहावी आणि नेमका रुमाल अथवा संचिका मागावी. "आमच्या गावचे काय असेल ते दाखवा," अशा मागणीने कोणाचेच समाधान होत नाही. गाव, तालुका, जुना परगणा किंवा तर्फ, साधारण वर्ष आणि विषय एवढे सांगता आले तर सूची बोलू लागते. कागद हाताळताना शाईचे पेन दूर ठेवावे, टिपण पेन्सिलीने करावे, रुमालातील क्रम बदलू नये, आणि घेतलेल्या प्रत्येक उताऱ्यापुढे दप्तराचे नाव व क्रमांक लिहावा. क्रमांक नसलेला उतारा पुढे पुरावा म्हणून टिकत नाही.

पेशवे दप्तरात शाहू दफ्तर, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी, जमाव, पागा असे विभाग आहेत. गावच्या इतिहासासाठी प्रांत अजमासातील जमाबंदीचे व ताळेबंदाचे कागद, तसेच वतनाच्या तंट्यांतील करीने, महजर व निवाडपत्रे विशेष उपयुक्त होत. महजर हा तर ग्रामसंस्थेचा आरसाच आहे. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, चौगुले यांच्यासह बलुतेदारही साक्षीस बसत. लिहिता न येणाऱ्यांची खूण म्हणून निशाणी काढली जाई. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. अडीचशे वर्षांपूर्वी सभेस कोण हजर होते, हे त्या निशाण्या आजही सांगतात.

लिपी, सन आणि नावे

या कागदांच्या दारावर तीन कुलपे आहेत.

पहिले कुलूप मोडीचे. मोडीत प्रथम ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे जोडून लिहितात. शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. प्रथमदर्शनी ही लिपी अगम्य वाटते. परंतु ती मराठीच आहे. चिकाटीने रोज थोडा सराव केल्यास काही आठवड्यांत छापील नमुने आणि काही महिन्यांत साधे हस्तलिखित वाचता येऊ लागते. पुराभिलेख विभागातर्फे मोडी प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. प्रत्येक तालुक्यात मोडी जाणणारे चार शिक्षक तयार झाले, तर किती कुटुंबांचा प्रवास व खर्च वाचेल, याचा विचार व्हावा.

दुसरे कुलूप कालगणनेचे. जुन्या कागदांवर शालिवाहन शक, शुहूर सन, फसली, हिजरी व राज्याभिषेक शक आढळतात. शकात ७८ मिळवले की सामान्यतः इसवी सन येतो. शुहूर सन अरबी संख्यांनी लिहितात आणि तो मृगाच्या सुमारास बदलतो. "इसन्ने सितैन मया व अलफ" असे शब्द दिसल्यास दोन, साठ, शंभर व हजार यांची बेरीज करावी. ती ११६२ होते. त्यात ५९९ मिळवावेत म्हणजे १७६१ येते; अर्थात तो कागद १७६१-६२ या वर्षातील, पानिपतच्या रणसंग्रामानंतरच्या पहिल्याच मृगसालातील होय. दख्खनी फसलीत ५९० मिळवावेत. तारखेपूर्वी "छ" हे अक्षर दिसल्यास तो मुसलमानी महिन्याचा चंद्र समजावा.

तिसरे कुलूप नावांचे. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. "रामजी बिन संताजी" म्हणजे संताजीचा मुलगा रामजी. "सखू कोम रामजी" म्हणजे रामजीची पत्नी सखू. आजचे आडनाव घेऊन दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदात शोधणारा बहुधा रिक्त हस्ताने परततो. गावांच्या नावांतही बुद्रुक व खुर्द यांचा घोटाळा होतो. एकाच नावाची गावे निरनिराळ्या परगण्यांत असतात; म्हणून मौजे, तर्फ व परगणा ही तिन्ही जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

सीमा बदलल्या, दप्तरे राहिली

महाराष्ट्राचे आजचे विभाग पूर्वी वेगवेगळ्या राजवटींत होते, हे शोधकर्त्याने विसरू नये. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथील जुने महसुली कागद बहुतांशी उर्दूत आहेत आणि वरिष्ठ दप्तरासाठी हैदराबादपर्यंत जावे लागते. गावपातळीवर १९५४-५५ ची खासरा पाहणी तेथे आधारभूत मानतात. विदर्भात नागपूरकडील जिल्ह्यांत मालगुजारी पद्धती होती. तेथे बंदोबस्ताच्या मिसली व वाजिब-उल-अर्ज यांतून गावची वहिवाट, चराई, जंगल व पाण्याचे हक्क समजतात. वऱ्हाडची व्यवस्था पुन्हा वेगळी.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याचे दप्तर स्वतंत्र आहे. चंदगड तालुका १९५६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आला. तेव्हा तेथील जुन्या कागदांसाठी बेळगावकडेही पाहावे लागते. १९८१ पूर्वीचे सिंधुदुर्गाचे कागद रत्नागिरीत, १९८२ पूर्वीचे गडचिरोलीचे चंद्रपुरात, २०१४ पूर्वीचे पालघरचे ठाण्यात असण्याचा संभव लक्षात घ्यावा. शेजारच्या गोव्यात तर १५९५ मध्येच अभिलेखागाराची स्थापना झाली होती. तेथे पोर्तुगीज कागदांबरोबर मोडीतील मराठी कागदही आहेत.

सातासमुद्रापलीकडेही हा धागा जातो. एकोणिसाव्या शतकात कोकणातील पुष्कळ माणसे करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या आगमनाच्या नोंदी जतन केल्या आहेत. त्यांत नाव, वय, बापाचे नाव, गाव व जहाज अशा नोंदी मिळतात. तिकडील मराठी कुटुंबे तो उतारा घेऊन कोकणात आपले गाव शोधत येतात. परकी उच्चाराने लिहिलेले ते गावाचे नाव ओळखण्यास अशा वेळी येथील तलाठी अथवा शिक्षकच उपयोगी पडतो.

कागदातून काय हाती लागते?

स्थानिक इतिहासाचे मोल दाखवणारे एक उदाहरण पुण्याजवळचे आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावचा अभ्यास करून १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. गावची चालू स्थिती पाहून ते थांबले नाहीत. त्यांनी जुन्या कागदांचा आधार घेतला. तेव्हा असे दिसून आले की, १७७१ साली त्या गावात खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. शेतीच्या तुकड्यांचा प्रश्न पुढे राज्यभर चर्चिला गेला, त्यावर कायदे झाले. परंतु त्याचे स्पष्ट चित्र एका लहान गावच्या दप्तराने रेखाटले होते. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरात सामावले आहे. शेते दिसत नाहीत. आकडे मात्र बोलतात.

दुसरे उदाहरण लोणीकंदचे. पेशवाईनंतर लगेचच डॉ. थॉमस कोट्स यांनी त्या गावाचे सविस्तर वर्णन लिहिले. त्याच गावाकडे पुन्हा वळून समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या स्थितीशी त्याची तुलना केली. त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या मुलांना घेऊन आपापल्या गावचा असा लहानसा आढावा घेणे कोणत्याही उत्साही शिक्षकास शक्य आहे. जिल्हा गॅझेटियर, १९५१ पासूनच्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आणि गावचा आकारबंद एवढ्या साधनांवर आरंभ करता येतो. जनगणनेत व्यक्तिशः दिलेली माहिती कायद्याने गोपनीय असते. गावची एकूण संख्या मात्र सर्वांस उपलब्ध असते.

विवेक हवा

कागद आहे म्हणून तो खराच, असे मानू नये. वतनासाठी बनावट सनदा पूर्वीही तयार होत. प्रत्येक कागदास विचारावे: हा कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात कोणाचे नाव गाळले? हे गाळणे फार बोलके असते. फेरफारांच्या पानांवर मुलांची नावे कब्जेदार म्हणून येतात. मुलींची नावे इतर हक्कांत जातात, कधी हक्कसोड होऊन नाहीशी होतात, तर कधी येतच नाहीत. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आणि त्यातील २००५ ची दुरुस्ती यांनंतर कायद्याची दिशा बदलली. तरीही वंशवेल काढताना लेकी-सुनांची नावे आवर्जून शोधावीत. अन्यथा अर्धे घराणे अंधारातच राहील.

घराण्याच्या अभिमानाने नसलेले शौर्य व नसलेली वतने पूर्वजांना चिकटवण्याचा मोहही टाळावा. पूर्वज सरदार नसेल, मोट हाकणारा असेल. त्याने १८७६-७८ च्या दुष्काळात चार मुले जगवली असतील, तर तोही पराक्रमच होय.

जतन ही सर्वांची जबाबदारी

शासकीय कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते. अ वर्गाचे कागद कायम ठेवावयाचे, ब वर्गाचे तीस वर्षे, क-१ चे दहा, क चे पाच आणि ड चे एक वर्ष. हे वर्गीकरण न करता कागद नष्ट करणे जितके चुकीचे, तितकेच निरुपयोगी कागदांच्या ढिगाऱ्याखाली मोलाची नोंदवही कुजू देणेही चुकीचे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये अभिलेखांचे जतन ही कायदेशीर जबाबदारी झाली असून त्याच्या उल्लंघनासाठी कारावास व दंडाची तरतूद आहे. माहितीचा अधिकारही त्याच वर्षी अमलात आला. कागद सापडत नाही, हे उत्तर त्यामुळे आता सहज देण्याजोगे राहिलेले नाही.

अलीकडच्या काळात जुने सातबारे, फेरफार व इतर महसुली कागद यांचे संगणकीय चित्रण पुष्कळ तालुक्यांत झाले आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि चित्र घेतले म्हणून मूळ कागद टाकून द्यावयाचा नसतो. चित्र अस्पष्ट निघाले, पान सुटले, तर अखेरचा निर्णय मूळ कागदच देतो.

याकरिता फार मोठा निधी लागतो असेही नाही. कपाट भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. छत गळत असल्यास पावसाळ्यापूर्वी दप्तर हलवावे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक कागद खातो. नोंदवह्यांची एक साधी यादी करून तिची प्रत ग्रामपंचायतीत, दुसरी शाळेत व तिसरी तहसील कचेरीत ठेवावी. शाळेची इमारत नवी बांधताना जुने जनरल रजिस्टर कोठे गेले, याची विचारणा शाळा व्यवस्थापन समितीने अवश्य करावी. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वर्षातून एकदा "गावच्या दप्तराची पाहणी" हा विषय घेतला, तरी पुष्कळ काम होईल.

कुलकर्ण्याने दिव्याच्या उजेडात लिहिलेला ताळेबंद, मोजणीदाराने उन्हात उभे राहून काढलेले टिपण, गुरुजींनी पहिल्या दिवशी घातलेले नाव, हे सारे लिहिताना कोणाच्या मनात इतिहास नव्हता. प्रत्येकाने आपले रोजचे काम नीट केले, एवढेच. ते नीट झाले म्हणून आज कोणास जमीन मिळते, कोणास दाखला मिळतो, कोणास आपले हरवलेले गाव सापडते. आज तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या व शिक्षकाच्या हातून होणारी प्रत्येक नोंदही शंभर वर्षांनी कोणीतरी असाच शोधत येईल. त्याला ती वाचता यावी आणि ती खरी असावी, एवढी काळजी आज घेतली पाहिजे.